वादळानंतरची यादी
(सामान्य काळातील एकोणिसावा रविवार)

प्रिय धर्मग्रामस्थहो,



गेल्या रविवारी आपण पाच भाकरी आणि दोन माशांचे शुभवर्तमान ऐकले. आजचे शुभवर्तमान त्याच दिवसाच्या रात्रीचे आहे. लोक जेवून तृप्त झाले, बारा टोपल्या उरल्या आणि मग प्रभूने शिष्यांना होडीत बसवून पलीकडे पाठवले. संत मत्तय इथे जो शब्द वापरतो त्याचा अर्थ नुसते ‘पाठवले’ असा नाही, ‘भाग पाडले’ असा आहे. आपल्यातील किनाऱ्याकडच्या कुटुंबांना यातली गंमत लगेच कळेल. शिष्यांपैकी चौघे तरी जातिवंत मच्छीमार होते. संध्याकाळी वाऱ्याचा रोख बघून त्यांनी कुरकुर केली असेल. पण गुरूने सांगितले म्हणून ते गेले, आणि नेमके वादळात सापडले.

हे आधी सांगण्याचे कारण असे की वादळ म्हटले की आपल्याकडे ‘कोणाचे पाप भोवले’ हा प्रश्न पाठोपाठ येतोच. या होडीत बसलेली माणसे आज्ञा मोडून समुद्रावर गेलेली नव्हती, आज्ञा पाळून गेलेली होती. तरी वारा समोरूनच आला.

मच्छीमारीची बंदी ३१ जुलैला संपली. होड्या पाण्यात गेल्या. होड्यांवर पवित्र पाणी शिंपडायला आम्ही बंदरावर गेलो, तेव्हा एका तांडेल काकांनी प्रार्थना संपल्यावर विचारले, ‘फादर, ‘तौक्ते’च्या वेळी आपण जे केलं ते पुन्हा तसंच करायचं काय?’ आम्हाला वाटले, ते कौतुकाने विचारत आहेत. घरी आल्यावर कळले की तो प्रश्न होता. गेला आठवडाभर तो डोक्यात आहे. आमची बदली आता कधीही होऊ शकते. म्हणून त्याचे उत्तर प्रवचनात तोंडी सांगून न सोडता इथे छापून ठेवत आहोत.

१७ मे २०२१, सोमवार. आदल्या दिवशी प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण होता. कोरोनाची दुसरी लाट चालू असल्यामुळे चर्चचे दरवाजे बंद होते. मिस्सा मोबाईलवर दाखवली जात होती. पवित्र आत्म्याचा नोव्हेना चालू होता. ‘तौक्ते’ चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत होते आणि त्या रात्री ते गुजरातमध्ये दीव-ऊना भागात जमिनीवर चढले. म्हणजे ते आपल्यावर आदळले नाही, बाजूने गेले. बाजूने जाताना कुलाब्याच्या वेधशाळेत ताशी ११४ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला. आपल्या वाड्यांत काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. घडांनी लगडलेल्या केळी दुपारपर्यंत उभ्या होत्या, संध्याकाळी सगळ्या एका अंगाला निजल्या. पानवेलींचे मांडव खाली आले. चर्चच्या आवारातील जुना रेनट्री विजेच्या तारा घेऊन पडला. कौले तर पत्त्यांसारखी उडत होती.

सहा दिवस वीज नव्हती. मोबाईल बंद, मोटार बंद, म्हणजे टाकीत पाणी नाही, म्हणजे पुन्हा विहिरीवर दोर टाकणे आले. ज्यांच्या विहिरी बुजवून वर गॅरेज बांधले होते ते शेजाऱ्यांच्या विहिरीवर गेले. या काळात पावसात भिजत खांबांवर चढलेल्या वायरमन लोकांना आपण त्या वेळी नीट धन्यवादही दिले नाहीत. ते इथे देऊन टाकतो.

आणि त्या सहाव्या दिवशी, २३ मे रोजी, पेन्टेकॉस्ट रविवार होता.

त्या दिवशीचे पहिले वाचन आठवा. स्वर्गातून जोराच्या वाऱ्यासारखा नाद होतो आणि शिष्य बसलेले घर त्याने भरून जाते. आमचे प्रवचन आठवडाभर आधीच तयार होते. पवित्र आत्मा हा वारा आहे, तो आपली बंद दारे उघडतो, आपली जुनी छपरे उडवून देतो, असे आम्ही त्यात लिहिले होते. मेणबत्ती लावून, पाचसहा माणसांसमोर, ते प्रवचन आम्ही जसेच्या तसे केले. दुसरे लिहायला वेळ नव्हता असे नाही. सुचलेच नाही. मिस्सेनंतर एक मावशी साक्रिस्तीच्या दाराशी आल्या. त्यांच्या घराचे निम्मे छप्पर गेले होते. ‘फादर, आमचं छप्पर पवित्र आत्म्यानं उडवलं काय?’ एवढेच त्या बोलल्या. रागाने नाही. खरोखरच विचारत होत्या.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. त्यात पदवी घेतली. देव सर्वशक्तिमान आहे, देव चांगला आहे, आणि तरी जगात दुःख आहे, या तीन विधानांवर वर्गात तासन् तास वाद घातला. त्या मावशींना मात्र आम्ही काही बोलू शकलो नाही. ‘देव बघून घेईल’ असे काहीतरी पुटपुटलो.

आजचे पहिले वाचन त्या मावशींसाठी आहे. संदेष्टा एलिया होरेब डोंगरावरच्या गुहेत आहे. डोंगर फोडणारा वारा येतो, परमेश्वर त्या वाऱ्यात नसतो. भूकंप होतो, त्यात नसतो. अग्नी येतो, त्यातही नसतो. मग अगदी मंद, जेमतेम ऐकू येईल असा एक नाद येतो, तेव्हा एलिया तोंड झाकून गुहेच्या दाराशी येऊन उभा राहतो. मग पेन्टेकॉस्टचा वारा कोणता, असे कोणी विचारील. प्रेषितांची कृत्ये नीट वाचा. तिथे वाऱ्यासारखा नाद आला असे म्हटले आहे, वारा आला असे म्हटलेले नाही. आणि त्या नादाने यरुशलेममधले एकही घर पडले नाही, एकही माणूस जखमी झाला नाही. उलट घाबरून आत बसलेली माणसे बाहेर आली. तेव्हा मावशी, उत्तर द्यायला उशीर झाला, पण उत्तर ‘नाही’ असे आहे.

वादळ ही शिक्षा नव्हे, हे आम्ही आमच्या मनाने सांगत नाही. सिलोहचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा प्रभूने स्वतःच विचारले होते की ती माणसे यरुशलेममधल्या इतरांपेक्षा अधिक पापी होती असे तुम्हाला वाटते काय. आणि स्वतःच ‘नाही’ म्हणून उत्तर दिले होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात ते आहे. तरीही ही कल्पना जात नाही. तिचे एक गोड रूपही आहे आणि ते आम्हाला जास्त घातक वाटते. ते म्हणजे ‘देवाने आपल्याला वाचवले’.

३ जून २०२० चे ‘निसर्ग’ वादळ आठवा. आदल्या दोन दिवसांपासून ते मुंबई-पालघरवर येणार अशी भीती होती. घराघरांत जपमाळ झाली. वादळ खाली वळले आणि अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. आपण सुटकेचा श्वास सोडला, पवित्र मारियेचे आभार मानले, तसे संदेशही एकमेकांना पाठवले. आम्ही पण पाठवले. पण त्या वादळाच्या वाटेतच रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी कोर्लई गाव आहे. चारशे-पाचशे वर्षे घरात पोर्तुगीज वळणाची बोली जपणारे आपले ख्रिस्ती बांधव तिथे राहतात. त्यांचे चर्च कार्मेल माउलीचे आहे. त्या रात्री कोर्लईत जपमाळ झाली नसेल काय? मग मारियामातेने आपले ऐकले आणि त्यांचे ऐकले नाही, असे म्हणायचे काय? आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या हिंदू, मुसलमान कुटुंबांनी आपापल्या देवाला जे आळवले त्याचे काय?

त्या भागातील सुपारीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. सुपारीचे झाड लावल्यापासून हाताशी फळ यायला पाचसहा वर्षे तरी लागतात, वाडी भरात यायला त्याहून जास्त. शासनाने फळबागांची भरपाई हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली, हे चांगलेच झाले. पण कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. दहा गुंठ्यांच्या वाडीचा हिशेब केला तर पाच हजार रुपये होतात. पडलेली झाडे तोडून, ओढून बाहेर काढायलाच तेवढे लागतात. आपले आभार खरे होते, त्यात खोट नव्हती. पण आभार मानून झाल्यावर आपण कोर्लईला फोन केला नाही.

इतिहासाची पाने उलटली तर आपला वसई प्रांतही काही सुटलेला नाही. १६१८ साली वसईवर रोगराई, मे महिन्यात प्रचंड वादळ आणि दुष्काळ अशी संकटे आली. समुद्र गावात शिरला, माड उन्मळून पडले, चर्चेसची आणि मठांची मोडतोड झाली. तेव्हा किल्ल्यात धर्मगुरूंची आणि धर्मबंधूंची काही कमतरता नव्हती. प्रार्थनाही कमी नसतील. २०१७ च्या ‘ओखी’ वादळात कन्याकुमारी-तिरुवनंतपुरम किनाऱ्यावरचे शेकडो मच्छीमार गेले. त्यातले कितीतरी आपल्यासारखेच कॅथलिक होते. पुष्कळांना वादळाची सूचना मिळाली तेव्हा ते खोल समुद्रात होते. काहींना तर मिळालीच नाही.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक प्रसंग नेहमी शिकवला जातो. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ. लिस्बन शहरातली चर्चेस भाविकांनी भरलेली होती आणि भूकंप झाला. पाठोपाठ समुद्र आला, मग आग लागली. हे जग सर्व शक्य जगांतील उत्तम जग आहे, असे म्हणणाऱ्या तत्त्वज्ञांची व्हॉल्टेअरने या निमित्ताने चांगलीच खरडपट्टी काढली. रूसोने मात्र त्याला पत्र लिहून एक साधी गोष्ट सांगितली, की सहासहा-सातसात मजल्यांची ती दाटीची घरे निसर्गाने बांधली नव्हती. रूसोशी आमचे इतर बाबतीत पटत नाही. पण हे पटते.

कारण वारा देवाने पाठवला काय हे विचारताना आपण दुसरा प्रश्न विसरतो, की वाऱ्याने जे नेले त्यातले किती आपण आधीच सैल करून ठेवले होते? अरबी समुद्र पूर्वीपेक्षा तापला आहे आणि त्यावर तीव्र वादळे वाढली आहेत, असे हवामानाचे अभ्यासक सांगतात. ‘निसर्ग’ २०२०, ‘तौक्ते’ २०२१, ‘बिपरजॉय’ २०२३. समुद्र तापवण्यात एकट्या वसईचा हात नाही, मान्य. पण बावखले कोणी बुजवली? आपल्या आजोबांनी जी बावखले खणली, ज्यात पावसाचे पाणी मुरायचे, जिच्यावर वाडी जगायची, ती भरणी टाकून सपाट केली आणि प्लॉट विकले. पुढे पाणी तुंबले की आपण महानगरपालिकेला शिव्या देतो. नाल्यावर जोते कोणी चढवले? किनाऱ्यावरची वाळू कोणाच्या घरांना गेली? खाडीतली तिवरे कोणी तोडली? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक लिहिले, त्यावर आपण सभागृहात व्याख्यान ठेवले होते. चहा कागदी कपात दिला म्हणून पाठ थोपटून घेतली. व्याख्यानाला आलेल्यांपैकी दोघांनी त्याच वर्षी बावखल बुजवले. त्यांनी ही ओळ वाचून आमच्यावर रागावू नये. राग आलाच तर घरी येऊन बोलावे.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण तांडेल काकांचा प्रश्न वाऱ्याबद्दल नव्हता, आपल्याबद्दल होता.

वादळानंतर आपल्या धर्मग्रामाने जे केले त्याचा आम्हाला अभिमान आहे. तरुणांनी चार दिवस झाडे कापली. दात्यांनी पैसे दिले, परदेशातल्या मुलांनी पाठवले. पत्रे, ताडपत्र्या, कौले आणली गेली. वाटपासाठी यादी करायची होती. आम्ही कार्यालयातल्या कपाटातून कुटुंबांची नोंदवही काढली. सर्व कुटुंबे त्यात समूहवार, क्रमांकासह लिहिलेली आहेत. प्रत्येक समूहाच्या प्रमुखाने आपापल्या समूहातील नुकसान लिहून दिले. तीन दिवसांत यादी तयार. कोणाला वाटेल तसे दिले नाही, वशिला चालला नाही. (एका घरामागे त्यातले काही पत्रे अजून तसेच रचून ठेवले आहेत आणि त्यावर कोंबड्या बसतात, असे आमच्या कानावर आले आहे. नाव सांगणार नाही.) यादी चोख होती. चूक यादीत नव्हती, वहीत होती.

आपल्या एका वाडीच्या टोकाला एक आदिवासी कुटुंब राहत होते. नवरा-बायको दोघे केळीच्या बागेत मजुरीला, दोन मुले. कुडाची भिंत, वर जुना पत्रा आणि प्लास्टिक. १८ मे रोजी सकाळी चर्चच्या रस्त्यावरचा रेनट्री कापायला जी माणसे आली त्यात तो सर्वांत आधी आला होता. कोयता आणि कुऱ्हाड घेऊन. त्याने मजुरी मागितली नाही आणि आम्हालाही द्यायची आठवण राहिली नाही. त्याच्या झोपडीवरचा पत्रा आदल्या रात्री गेला होता, हे आम्हाला नंतर कळले.

पत्रे वाटायला गेलेल्या मुलांपैकी एक संध्याकाळी परत आला. टेम्पोत पत्रे उरले होते. तो म्हणाला, ‘फादर, त्या टोकाच्या घराला देऊ काय? कुठल्या नंबरावर लिहू?’ आम्ही वही पाहिली. नंबर नव्हता. कसा असणार, ते कुटुंब आपल्या धर्मग्रामाचे नव्हतेच. आम्ही म्हणालो, पत्रे गोदामात ठेव, पुढच्या आठवड्यात कौन्सिलमध्ये ठरवू. दात्यांचे पैसे आहेत, हिशेब द्यावा लागतो. हे वाक्य आम्हाला अजून जसेच्या तसे आठवते. त्यात खोटे काही नव्हते. हिशेब खरोखरच द्यावा लागतो.

कौन्सिलची बैठक कोरोनामुळे पुढे गेली. ९ जूनला पाऊस लागला, पहिल्याच दिवशी धो धो. त्या रात्री टोकाच्या झोपडीत काय झाले असेल त्याची आपण कल्पना करू शकता. बैठकीत पत्रे द्यायचे एकमताने ठरले, कोणीही विरोध केला नाही. आपली माणसे वाईट नाहीत. मुलगा पत्रे घेऊन गेला तेव्हा झोपडी रिकामी होती. ते आपल्या गावी, जव्हारच्या बाजूला निघून गेले होते.

आता आजच्या शुभवर्तमानातला पेत्र बघा. तो पाण्यावर चालू लागतो, वारा पाहून भितो, बुडू लागतो, ओरडतो. इथे मत्तय एक छोटासा शब्द घालतो: ‘लगेच’. प्रभूने लगेच हात पुढे करून त्याला धरले. आणि धरल्यानंतर मग त्याला अल्पविश्वासी म्हटले, शंका का धरलीस म्हणून विचारले. हा क्रम आम्ही कितीदा वाचला असेल, पण पाहिला नव्हता. प्रभूने पेत्राला पाण्यात ठेवून प्रवचन दिले नाही. विश्वास किती आहे ते आधी तपासले नाही. तो कोणत्या समूहाचा, ते विचारले नाही. शिकवण द्यायची होती, दिली, चांगली कडक दिली. पण तेव्हा पेत्राचे मनगट प्रभूच्या मुठीत होते.

एलियाच्या गोष्टीतही हेच आहे, पण तो भाग आजच्या वाचनात घेतलेला नाही. घरी गेल्यावर राजे पहिल्या ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय सुरुवातीपासून वाचा. एलिया थकून झुडपाखाली पडला आहे, मरण मागतो आहे. देवदूत येतो. काय सांगतो? उठ आणि खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा मडका उशाशी असतो. एलिया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो आणि दुसऱ्यांदा जेवायला उठवतो. होरेब डोंगर, वारा, तो मंद नाद, हे सगळे त्यानंतर चाळीस दिवसांनी.

ज्यांनी हाक मारली नाही त्यांच्याबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. आपल्या एका जुन्या, नावाजलेल्या घरातील काका. दरवर्षी सणाला मोठी देणगी देणारे. त्यांची राजेळीची सगळी बाग गेली. सुकेळी करायला घड उरला नाही. समूहप्रमुख नाव लिहायला गेले तर म्हणाले, ‘आमचं नाव घालू नका, आम्ही देणारे.’ त्या वर्षी त्यांनी वाडीचा एक तुकडा विकला, हे आम्हाला तीन वर्षांनी कळले. पेत्र मोठा मच्छीमार होता, पोहता येणारा माणूस होता, सगळ्या होडीसमोर ‘वाचवा’ म्हणून ओरडायला त्याला लाज वाटली असणार. तरी तो ओरडला. हेही आपल्याला शिकायला हवे आहे, आणि तसे ओरडता येईल असे घर आपले चर्च व्हायला हवे आहे. या दोन्हींत आपण कमी पडलो.

‘तौक्ते’च्या त्याच रात्री समुद्रात काय चालले होते ते विसरू नये. हिरा तेलक्षेत्राजवळ पी-३०५ नावाचा तराफा नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ कामगार होते. ‘आयएनएस कोची’, ‘आयएनएस कोलकाता’ आणि इतर जहाजांनी रात्रभर, उसळत्या पाण्यात, अंधारात एकेक माणूस वर ओढला. १८६ वाचले. जे गेले त्यांपैकी काहींचे मृतदेह पुढे रायगडच्या आणि गुजरातच्या किनाऱ्याला लागले. कोणत्या प्रांताचा, कोणत्या धर्माचा, हे पाण्यात पाहता येत नाही. नौसैनिकांनी पाहिलेही नाही. मत्तय सांगतो, प्रभू रात्रीच्या चौथ्या प्रहरी आला. म्हणजे पहाटे तीननंतर. शिष्य संध्याकाळपासून वल्ही मारत होते. तो उशिरा का आला, याचे उत्तर आमच्याकडे नाही आणि तत्त्वज्ञानाच्या पदवीतही नव्हते. आला तेव्हा मात्र तो पाण्यावरून, वाऱ्यातून, बुडणाऱ्यांच्या बाजूने आला. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस रोममधल्या रिकाम्या चौकात पावसात एकटे उभे राहून वादळातल्या होडीवर बोलले, तेव्हा त्यांनीही जगाला कोडे सोडवून दिले नव्हते. आपण सगळे एकाच होडीत आहोत एवढे सांगितले आणि पवित्र साक्रामेंतापुढे उभे राहिले.

ते आदिवासी बंधू दिवाळीनंतर परत आले. चर्चच्या फाटकाशी भेटले. आम्ही शब्द जुळवत होतो, क्षमा मागायची होती. त्यांनीच आधी विचारले, ‘फादर, त्या झाडाचा बुंधा अजून तसाच पडलाय, फोडून देऊ का?’ आम्ही हो म्हणालो. या वेळी मजुरी दिली. क्षमा मागितली तेव्हा त्यांना ती कशाबद्दल हे नीट कळले नाही, किंवा कळूनही त्यांनी तसे दाखवले नाही. आम्हाला दुसरे वाटते. आता ते कुटुंब तिथे राहत नाही. त्या वाडीत इमारत झाली आहे.

तर तांडेल काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर: नाही, पुन्हा तसेच करायचे नाही. गेल्या मंगळवारी कौन्सिलपुढे आम्ही हा विषय ठेवला आणि पुढीलप्रमाणे ठरले. कुटुंबांच्या नोंदवहीशेजारी एक दुसरी वही ठेवायची. तिच्यात आपल्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक घराची, खोलीची, झोपडीची नोंद असेल. भाडेकरू, वाडीतले मजूर, वीटभट्टीवरचे, बांधकामावरचे, सगळे. धर्माचा रकाना त्यात नाही. एकटे राहणारे म्हातारे, अंथरुणावरचे आजारी, लहान बाळे कुठे आहेत ते त्यात असेल, कारण वादळाची सूचना आली की आधी तिथे जायचे आहे. वादळाच्या निधीतील शिल्लक रक्कम बँकेत आहे. तिचा हिशेब सूचनाफलकावर लावला आहे, तो वाचावा. त्यातून ताडपत्र्या, दोर, दोन करवती आणि एक जनरेटर घेऊन सभागृहाच्या माळ्यावर ठेवायचे ठरले आहे. गरज पडली तर ताडपत्री आधी द्यायची, नंबर नंतर लिहायचा. असे लेखी ठरले आहे, म्हणजे आमच्या जागी येणाऱ्या फादरांना कपाट उघडून बसावे लागणार नाही.

बंदरावरच्या समूहाने सुचवल्याप्रमाणे, हवामान खात्याची सूचना आली की चर्चची घंटा कशी वाजवायची तेही ठरवायचे आहे. मरणाच्या घंटेशी गोंधळ होता कामा नये.

वही साक्रिस्तीच्या दाराशी टेबलावर ठेवली आहे. नावे लिहायला घरोघर जाण्यासाठी प्रत्येक समूहातून दोन माणसे हवी आहेत. पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात भेटू. ज्यांच्या वाडीत मजूर राहतात त्यांनी त्यांना सोबत आणले तर बरे होईल. चहा आहे.

आपला,
धर्मग्रामाचा धर्मगुरू